डोळ्याचा पडदा पाहण्याचा इतिहास

आपल्या खानदेशात म्हातारपणी नजर मंद झाली की घरात दोनच निदाने होतात. एक मोतीबिंदूचे आणि दुसरे वयाचे. मोतीबिंदूवर इलाज आहे हे आता सर्वांस ठाऊक आहे. शहरातील रुग्णालयांत आणि तालुक्याच्या शिबिरांत शस्त्रक्रिया होतात, आणि काळा चष्मा लावलेली वडीलधारी मंडळी घरी परततात. वयावर मात्र इलाज नाही, अशी आपली समजूत. परंतु मोतीबिंदू काढल्यावरही ज्यांना कुराण शरीफचे अक्षर लागत नाही, वर्तमानपत्राचा मथळा मधोमध पुसल्यासारखा वाटतो, अशी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. त्यांची कडेची नजर शाबूत असते. अंगणात शिरलेली शेळी आजीला दिसते, पण दारात उभ्या असलेल्या नातवाचा चेहरा ओळखू येत नाही. मग घरातलीच माणसे म्हणतात, "हिला हवे तेवढे बरोबर दिसते." या बोलण्याने त्या बिचारीला जे दुःख होते ते नजर जाण्याच्या दुःखाहून कमी नसावे.

तिचे सांगणे मात्र अक्षरशः खरे असते. डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, मध्यभागी एक लहानसा पिवळसर भाग असतो. त्याला पीतबिंदू म्हणतात. डॉक्टर मंडळी मॅक्युला म्हणतात. त्याची रुंदी जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर, आणि बारीक अक्षर वाचणारा त्यातला खड्डा दीड मिलिमीटरचा. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे, धुळ्याच्या यंत्रमागावर तुटलेला धागा सांधणे, ही सर्व कामे एवढ्याशा जागेवर चालतात. साठीच्या आसपास किंवा त्यानंतर काहींच्या डोळ्यांत ही जागा झिजते. कडेचा पडदा चांगला राहतो आणि मधला जातो. या विकाराला स्वतःचे नाव मिळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, कारण त्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा कोणी पाहिलेलाच नव्हता. तो कसा दिसू लागला, याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून पूर्वजांच्या गौरवाचे लेख पुष्कळ येतात. त्यांत कित्येकदा असा सूर असतो की, सारे काही आमच्या हकिमांनी आधीच शोधून ठेवले होते. तसे म्हणण्याने त्या थोर माणसांचा मान वाढत नाही. त्यांनी काय पाहिले आणि त्यांना काय दिसू शकले नाही, हे दोन्ही सांगितले तरच त्यांचे मोल कळते.

नवव्या शतकात बगदाद येथे हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने डोळ्यावर दहा प्रकरणे अरबीत लिहिली. त्यानंतर सुमारे इ. स. १००० च्या सुमारास त्याच शहरात अली बिन ईसा नावाचा कह्हाल, म्हणजे नेत्रवैद्य, होऊन गेला. त्याच्या 'तझकिरतुल कह्हालीन' या ग्रंथावर पुढे कित्येक शतके नेत्रवैद्य शिकले. ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात डोळ्याची रचना, दुसऱ्यात बाहेरून दिसणारे रोग, आणि तिसऱ्यात इंद्रियांना न दिसणारे, आत दडलेले रोग. ही विभागणी मला फार प्रामाणिक वाटते. त्याच काळातील मोसुलच्या अम्मार बिन अलीने तर पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत लिहून ठेवली. परंतु तिसऱ्या भागातील रोगांपुढे दोघेही सारखेच हतबल होते. रोगी सांगेल त्यावरून अंदाज बांधायचा, एवढेच त्यांच्या हाती होते. बाहुलीच्या आत काळोख होता.

बसऱ्यात हिजरी ३५४ च्या, म्हणजे इ. स. ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या इब्नुल हैसमने या काळोखाकडे जाणारी पहिली वाट मोकळी केली. डोळ्यातून किरण निघून वस्तूला स्पर्श करतात, असे मानणाऱ्यांची मोठी परंपरा त्याच्यापूर्वी होती. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्याने 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात प्रयोग आणि गणित यांच्या आधारे मांडले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचाही त्याने अभ्यास केला. तथापि, दृष्टीची जाणीव डोळ्यातील स्फटिकासारख्या भिंगात होते, असे त्याला वाटे. पडद्यावर चित्र उमटते ही गोष्ट त्याच्या हातून सुटली. बाराशेच्या सुमारास त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ साली बाझेल येथे छापून निघाला, आणि त्या परंपरेतील ग्रंथांना पुरवणी म्हणून लिहिलेल्या आपल्या पुस्तकात योहानेस केप्लरने १६०४ साली दाखवून दिले की चित्र भिंगावर नव्हे तर मागच्या पडद्यावर उमटते, आणि तेही उलटे.

या पडद्याचे नावही असेच एका भाषेतून दुसरीत गेले आहे. युनानी तिबच्या उर्दू पुस्तकांत त्याला 'तबका-ए-शबकिया' म्हणतात. अरबीत शबका म्हणजे जाळे. ग्रीक वैद्यांची जाळ्याची उपमा अरबीत अशी आली, आणि बाराव्या शतकात तोलेदो येथे इब्न सीनाच्या 'कानून'चे भाषांतर होताना लॅटिनमधील जाळ्याच्या शब्दावरून तिचे 'रेटिना' झाले. आपल्या उर्दू शाळेतील मुलगा शबकिया म्हणतो, मराठी शाळेतील मुलगी दृष्टिपटल म्हणते, आणि दवाखान्यात दोघांनाही रेटिना ऐकावयास मिळते.

केप्लरनंतरही अडीचशे वर्षे हा पडदा दिसला नाही. डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत काळे काही नसते. डोळ्यात शिरलेला प्रकाश ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फिरतो. तो पाहावयाचा तर आपला डोळा नेमका दिव्याच्या जागी हवा, आणि आपण तेथे डोके घातले की दिवाच झाकला जातो. हा पेच कोनिग्सबर्ग येथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली सोडविला. त्यांचे वय तेव्हा २९ वर्षांचे होते. काचेच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून त्यांनी त्या तिरप्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन रोग्याच्या डोळ्यात जाई, आणि परत येणारा प्रकाश त्याच काचेतून पार होऊन पाहणाऱ्यापर्यंत पोहोचे. बस्स, एवढेच यंत्र! वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेल्महोल्ट्झ म्हणतात की, यासाठी शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्राहून अधिक ज्ञान लागले नाही. आपल्या विज्ञानशिक्षकांनी परावर्तनाचा धडा शिकविताना हे पत्र मुलांना अवश्य सांगावे.

यंत्र निघाले आणि युरोपातील नेत्रवैद्य वेड्यासारखे डोळ्यांत डोकावू लागले. व्हिएन्नाचा एडुआर्ड येगर तासन्‌तास रोग्याच्या डोळ्यात पाहून पडद्याची रंगीत चित्रे हाताने काढी. त्यांचा संग्रह १८६९ साली निघाला. वृद्धांच्या डोळ्यांत पिवळसर ठिपके असतात, हे एव्हाना ध्यानात आले होते. त्यांना 'ड्रुझेन' असे नाव मिळाले. हा मूळ जर्मन खाणकामगारांचा शब्द. खडकाच्या पोकळीत आतून स्फटिकांचा थर जमतो त्याला ते ड्रुझे म्हणत. आपल्या जळगावकडच्या माणसाला ही उपमा समजावून सांगण्याचे कारण नाही. सावद्याच्या बाजूला खाणीत काळा कातळ फोडला की पोकळीतून जे पांढरे-गुलाबी स्फटिक चमकतात, आणि जे देशोदेशीचे संग्राहक विकत घेतात, ते म्हणजेच ड्रुझे. पडद्याच्या खाली साठलेला हा कचरा वैद्यांना तसाच चमकताना दिसला.

१८७४ साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन व वॉरेन टे यांनी वृद्धांच्या दोन्ही डोळ्यांत, नेमक्या मध्यभागी, सारखाच आढळणारा बिघाड वर्णन केला. १८८५ साली झुरिचच्या ओटो हाब यांनी पीतबिंदूच्या या विकाराला वार्धक्याशी जोडून नाव दिले. नाव मिळाले, पण त्या नावातही म्हातारपणच राहिले, आणि माझ्या मते त्यामुळे नुकसान झाले. म्हातारपणाचा रोग म्हटला की वैद्यही हात झटकतो.

डोळ्यात पाहणारा वैद्य घरी गेला की त्याने पाहिलेलेही त्याच्याबरोबर जात असे. ते कागदावर यावे म्हणून १८८६ साली इंग्लंडात जॅकमन व वेब्स्टर यांनी जिवंत माणसाच्या पडद्याचे छायाचित्र घेतले. कॅमेरा रोग्याच्या डोक्याला बांधला होता आणि अडीच मिनिटे डोळा हलवावयाचा नव्हता. चित्र अर्थातच धूसर आले. खरा उपयोगी कॅमेरा १९२६ साली स्वीडनचे नॉर्डेन्सन आणि जर्मनीचा झाइस कारखाना यांनी बाजारात आणला. तेव्हापासून यंदाचे चित्र गेल्या वर्षीच्या चित्राशेजारी ठेवून ताडून पाहता येऊ लागले.

यानंतरचा टप्पा दोन विद्यार्थ्यांचा आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेणारे हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड आल्विस यांनी शिरेतून एक चमकणारा रंग टोचून, तो पडद्याच्या रक्तवाहिन्यांतून वाहत असताना निळ्या प्रकाशात भराभर छायाचित्रे घेतली. प्रयोगासाठी हात पुढे केला तो आल्विसने स्वतःचा. त्यांचा निबंध नेत्ररोगाच्या नियतकालिकाने परत पाठविला, आणि १९६१ साली तो रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला! या रंगचित्रांनी रोगाचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले. कोरडा प्रकार हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो. दहांपैकी सुमारे नऊ रोगी याचे. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून पाणी व रक्त झिरपते, आणि आठवड्या-महिन्यांत मधली नजर जाते. पुढे १९९१ साली अमेरिकेतील डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो व त्यांचे सहकारी यांनी ओसीटी नावाची तपासणी प्रसिद्ध केली. सोनोग्राफीत आवाजाचा पडसाद घेतात, तसा येथे प्रकाशाचा घेतात. सुई नाही, रंग नाही, आणि पडद्याचा उभा छेद कागदावर दिसतो. थेंबभर पाणी झिरपले असले तरी तो फुगवटा त्यात उमटतो.

येथे कोणी विचारील की, एवढे पाहून केले काय? प्रश्न रास्त आहे. १९८० च्या आधी जवळजवळ काहीच करता येत नव्हते. नंतर लेसरने त्या रक्तवाहिन्या जाळू लागले, पण त्याबरोबर पडदाही जळे. २००० साली त्याहून सौम्य उपाय आला. खरा फरक पडला तो २००५-०६ च्या सुमारास, डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांनी. रानिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली; मूळ कर्करोगासाठी निघालेले बेव्हासिझुमॅब त्याच कामासाठी कितीतरी स्वस्तात वापरले जाऊ लागले, आणि दोन्हींचा गुण जवळपास सारखाच असल्याचे २०११ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसून आले. ही इंजेक्शने ओल्या प्रकाराला थांबवितात. पण ती वेळेवर मिळाली पाहिजेत; मेलेला पडदा पुन्हा जिवंत होत नाही. कोरड्या प्रकारात ठिपके मोठे झाले असतील तर ठराविक जीवनसत्त्वे व जस्त यांच्या गोळ्यांनी रोग पुढे सरकण्याचा धोका काहीसा कमी होतो, हे २००१ साली सिद्ध झाले. मात्र त्या गोळ्यांच्या जुन्या मिश्रणातील बीटा कॅरोटिन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना घातक ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. आणि विडीचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे की, या रोगाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपानाचा क्रमांक पहिला आहे.

तेव्हा रोग लवकर दिसणे याला आता अर्थ आला आहे. पण तो पाहणार कोण? पडद्याचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत, आणि वृद्ध माणसे रावेर-यावलच्या तडवी वस्त्यांत, चोपड्यात, शिरपुरात, साक्रीत. या ठिकाणी हा इतिहास आपल्या मराठी मुलुखात येतो. अजिंठ्याचा घाट चढून मराठवाड्यात गेले की पुढे गोदावरीच्या काठी नांदेड लागते. तेथील विष्णुपुरीत १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. तेथील मनेश कोकरे, प्रसन्न पोरवाल, समीक्षा पाचडे आणि त्यांचे सहकारी यांनी नेत्रवैद्यांच्या साहाय्याने डोळ्याच्या पडद्याची छायाचित्रे जमविली, ती संगणकाला रोग ओळखावयास शिकविण्यासाठी. २०१८ साली त्यांनी मधुमेहाच्या रोग्यांची ५१६ छायाचित्रे सर्व जगाला खुली केली. ती नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात घेतलेली होती. २०२१ साली ३,२०० छायाचित्रांचा दुसरा संग्रह आला. त्यात पडद्याच्या ४६ अवस्थांची नोंद आहे, आणि त्यांमध्ये वार्धक्यातील पीतबिंदूचा विकार व ड्रुझेनचे ठिपके या दोहोंची स्वतंत्र खूण आहे. प्रत्येक चित्र जाणत्या नेत्रतज्ज्ञांनी पाहून त्यावर शिक्का मारला आहे.

संगणक शिकतो तो मदरशातल्या मुलासारखाच. अलिफ कसा असतो याची व्याख्या पाठ करून मूल शिकत नाही. वेगवेगळ्या हातांनी, जाड-बारीक लेखणीने लिहिलेले शेकडो अलिफ पाहून शिकते. त्याचप्रमाणे हजारो पडदे आणि प्रत्येकावर तज्ज्ञाचा शिक्का पाहून यंत्र ठिपका ओळखू लागते. मग कोणाचे पडदे दाखविले, याला महत्त्व येते. जगभर वापरले जाणारे आधीचे संग्रह हॉलंड, अमेरिका, फ्रान्स येथले. २००४ साली निघालेल्या हॉलंडच्या प्रसिद्ध संग्रहात तर अवघी ४० चित्रे होती. गोऱ्या माणसाचा पडदा फिकट नारिंगी, आपला गडद तपकिरीकडे झुकणारा. फिकट पडद्यावर शिकलेले यंत्र आपल्या डोळ्यापुढे गोंधळू शकते. म्हणून नांदेडच्या रोग्यांच्या त्या छायाचित्रांची किंमत केवळ संख्येने मोजता येत नाही. एखाद्या शेतकऱ्याने हनुवटी टेकवून क्षणभर डोळा उघडा ठेवला, आणि त्या क्षणावर परदेशातील विद्यापीठांतले विद्यार्थी आज अभ्यास करीत आहेत.

मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांतही असा प्रयोग झाला आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यसेविकांनी स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली, आणि इंटरनेट नसतानाही फोनमधल्या यंत्रणेने तपासून कोणाला पुढे पाठवावे ते सांगितले. तो प्रयोग मधुमेहाने होणाऱ्या विकारापुरता होता, वार्धक्याच्या नव्हे. पण वाट तीच आहे.

या यंत्रांविषयी फार हुरळून जाण्याचेही कारण नाही. ज्या वयात पीतबिंदू झिजतो त्याच वयात मोतीबिंदूही असतो, आणि पिकल्या मोतीबिंदूतून काढलेले छायाचित्र धुक्यातून काढल्यासारखे येते. रंगीत छायाचित्रात ठिपके दिसतात, पण पडद्याखालचे थोडे पाणी निसटू शकते. त्यासाठी ओसीटीच लागते. शिवाय यंत्राने "पुढे पाठवा" म्हटले तरी पाठवावयाचे कोणी? इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. सुरुवातीस बहुधा महिन्याच्या अंतराने तीन, आणि पुढेही तपासणी चालूच. प्रत्येक वेळी म्हाताऱ्या माणसाबरोबर घरातल्या कोणाची तरी रोजी बुडते. धुळ्यास १९८८ पासून आणि जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तरी सातपुड्याच्या पायथ्यापासून तेथवरचा एसटीचा प्रवास ज्याचा त्यालाच करावा लागतो.

आणखी एक गोष्ट लिहिणे अगत्याचे वाटते, कारण ती घरोघरी लपविली जाते. मधली नजर गेलेल्या काही वृद्धांना नसलेल्या गोष्टी दिसतात: अनोळखी माणसे, मुले, फुले, इमारती. ती बोलत नाहीत, केवळ दिसतात. मेंदूला डोळ्याकडून चित्र येईनासे झाले की तो स्वतःच चित्रे रचतो. जिनीव्हाच्या शार्ल बोने या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० साली आपल्या वृद्ध आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला. त्यांची नजर मोतीबिंदूने अधू झाली होती आणि बुद्धी अगदी शाबूत होती. आपल्याकडे अशा माणसाला कोणी आमिलकडे नेतो, कोणी भगताकडे, आणि तो बिचारा लोक वेडा म्हणतील या भीतीने गप्प बसतो. त्याला वेड लागलेले नसते आणि बाहेरचेही काही नसते. त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

तोवर घरात करता येण्याजोगी एक तपासणी झुरिचच्या मार्क आम्स्लर यांनी १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आणली, आणि तिला लागणारे साहित्य आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात आहे. गणिताच्या चौकटीच्या वहीचे कोरे पान घ्यावे. मधोमध शाईचा ठळक ठिपका द्यावा. आजी-आजोबांना त्यांचा वाचण्याचा चष्मा लावून उजेडात बसवावे, पान वीतभराहून थोडे अधिक अंतरावर धरावे, आणि एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडेच पाहावयास सांगावे. मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, म्हणून ही खबरदारी महत्त्वाची. रेषा सरळ दिसल्या म्हणजे डोळा निरोगीच, असे नव्हे. पन्नाशीनंतर डोळे तपासून घेणे त्याने टळत नाही. पण रेषा वाकलेल्या, लाटेसारख्या दिसल्या, किंवा मधल्या काही चौकटी पुसल्यासारख्या वाटल्या, तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा. जेथे वाकडे दिसते तेथे त्यांनाच पेन्सिलीने खूण करावयास सांगावे, कोणत्या डोळ्याची ते लिहावे, तारीख घालावी, आणि ते पान डॉक्टरांकडे बरोबर न्यावे.